इथवर तुझं, इथून आमचं

गोदावरीला करंजवाडीत कोणी गोदावरी म्हणत नाही. नाशिकपासून खाली काठाकाठाने सगळे गंगाच म्हणतात. एरवी ही गंगा फार गुणाची. मोटारीला पाणी देते, वाफ्यांना गाळ देते, धुणं-भांडी सांभाळते. दोन हजार आठच्या भाद्रपदात मात्र ती अशी काही अंगावर आली की म्हाताऱ्या माणसांचीही बोलती बंद झाली. वरच्या अंगाला पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता, धरण तुडुंब भरलं होतं आणि दारं उघडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

वाल्मीक विधातेचं रान नदीपासून सडकेपर्यंत उताराने चढत गेलेलं. अगदी काठाला घर आणि घराभोवती मेथी-कोथिंबिरीचे वाफे. त्याच्या वर मधला तुकडा, त्यात झेंडू आणि टोमॅटो. मधल्या तुकड्याच्या डोक्यावर दगडी बांध, आणि बांधाच्या वर सडकेला लागून एक चिंचोळी पट्टी. साऱ्या रानात उंच, कोरडी, वारं खेळणारी जागा तीच. तिथे विधात्यांची कांदाचाळ होती. कांद्याला ओल चालत नाही. माणसाला चालते, असा या घराचा दोन पिढ्यांचा समज होता.

दुपारी पाणी ओट्याला लागलं तेव्हा वाल्मीकने म्हशी सोडल्या आणि वर हाकल्या. त्याची बायको प्रतिभा कडेवर रूपालीला घेऊन, डोक्यावर पिठाचा डबा घेऊन निघाली. वाटेत पाय घसरला. पोरगी वाचली, पीठ चिखलात गेलं. वाल्मीकची आई धोंडाबाई मागून आली ती रिकाम्या हाताने नव्हे. तिच्या ओच्यात देवघरातला नारळ, हिरवा खण, तांदूळ आणि हळदीकुंकवाची डबी होती.

"आत्याबाई, अवो पातेलं तरी घ्यायचं," प्रतिभा म्हणाली.

"पातेल्यानं पूर थांबतो व्हय?" धोंडाबाई म्हणाली.

करंजवाडीच्या माळ्यांत एक रीत आहे. गंगा घरात शिरली की घरातल्या बायांनी तिच्या पुढे जायचं. पाणी अजून पोचलेलं नाही अशी कोरडी जागा गाठायची, तिथल्या दगडाला हळदकुंकू लावायचं आणि ओटी भरायची. ओटी सवाष्णीने भरायची, शब्द थोरलीने द्यायचा. मग दोघींनी पाठ फिरवून निघायचं. मागे वळून बघायचं नाही. बघितलं तर आपण तिला बोलावतोय असं गंगेला वाटतं.

धोंडाबाईने बांधातला सपाट दगड निवडला. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, म्हणून खण-नारळ प्रतिभाने ठेवला, तांदूळ घातले. पावसाने कुंकू लगेच ओघळायला लागलं. धोंडाबाई पदर सावरून उभी राहिली आणि खाली पसरलेल्या तांबड्या पाण्याकडे बघून, शेजारणीला सांगावं तशी मोठ्याने म्हणाली, "गंगे, इथवर तुझं, इथून आमचं. माझा शब्द हाय. ओटी घे नि माघारी फिर."

दोघी वळल्या आणि चाळीत आल्या. कांद्याच्या ढिगापुढे पोती अंथरून बसल्या. वाल्मीक शेजारच्या नवसाबाईची माणसं काढायला गेला होता. रूपाली भुकेने रडायला लागली. आधी मोठ्याने, मग कण्हल्यासारखं. चूल नाही, पीठ नाही, चघळायला कच्चा कांदा तेवढा ढीगभर. प्रतिभाने काही वेळ तिला थोपटलं. मग रेडकाचं दावं बांधावर राहिलंय असं सांगून ती उठली.

दावं खरंच बांधावर राहिलं होतं. पण तिची नजर गेली ती पाण्यावर. मधल्या तुकड्याच्या खालच्या काठाशी पाणी थबकलं होतं. काटक्या, चिंध्या, फेस यांची एक रांग तिथे हलत होती, पुढे येत नव्हती. मधल्या तुकड्यात पाणी होतं, पण ते पावसाचं, तुंबलेलं. गंगा काही वर आली नव्हती. प्रतिभा बघत उभी राहिली. मागे बघायचं नसतं हे ती विसरली नव्हती, पण पोरीचं रडणं चाळीतून तिथवर ऐकू येत होतं. बघता बघता काटक्यांची रांग थोडी खाली सरकली.

तिने नारळ उचलून पदराखाली घेतला. मग तिला भीती वाटली. म्हणून खण आणि तांदूळ घेऊन ती गुडघाभर चिखलातून खाली उतरली, ओटी पाण्यात सोडली आणि हात जोडले. नारळ तेवढा पदराखाली राहिला. चाळीत येऊन तिने तो दगडावर फोडला.

"कुठून आणलास ग?" धोंडाबाईने विचारलं.

"सडकंवर मंडळाची पोरं वाटतायत."

"चांगल्या वळणाची पोरं," धोंडाबाई म्हणाली. तिने दाढेखाली दोन तुकडे धरून सावकाश खाल्ले, आणि मंडळाच्या पोरांना लांब आयुष्य मागितलं. रूपाली हातात खोबरं धरूनच झोपली.

सकाळी धोंडाबाई बांधावर गेली. दगड रिकामा होता. आणि गंगा काठाशी उतरली होती. म्हातारी तिथेच मटकन बसली आणि रडायला लागली. "घेतली ग! आईनं ओटी घेतली! माझा शब्द ठिवला!"

प्रतिभा मागे उभी होती. तेव्हाच सांगायचं होतं. पण सासूच्या तोंडावर जो आनंद होता तो तिने लग्न होऊन आल्यापासून कधी पाहिला नव्हता. तिने सासूला हाताला धरून उठवलं.

पुढचे दिवस गाळाचे गेले. घराची मागची भिंत बसली होती, पुढची पोट काढून उभी होती. आत फावडं चालवायची सोय नव्हती. घमेल्याने गाळ भरायचा, दारापर्यंत ओढायचा, बाहेर ओतायचा. त्या गाळाला सडक्या भाजीचा आणि मेलेल्या कोंबड्यांचा वास होता. प्रतिभाच्या पायांच्या बोटांत चिखल्या झाल्या. संध्याकाळी ती त्यांना तेल-हळद लावायची आणि सकाळी पुन्हा त्याच गाळात उतरायची. वाल्मीकने मोटार खोलून उन्हात ठेवली. टोमॅटोच्या तारा गुंडाळल्या, कुजलेला झेंडू उपटला, खालच्या वाफ्यांत पुन्हा मेथी फोकली. माळ्याचं रान असं रिकामं राहू शकत नाही. हाताला जुडी बांधायची सवय असते, ती सुटली की हात दुखतात.

इकडे धोंडाबाईची मात्र चलती झाली. ओटी घेऊन गंगा माघारी फिरली, ही गोष्ट काठाकाठाने पसरली. बाया दगडाला कुंकू लावायला यायला लागल्या. भजनात इतकी वर्षं ती दाराशी, चपलांजवळ बसायची. आता भजन चालवणाऱ्या लंकाबाईने तिला हाताला धरून पुढे बसवलं. गोष्ट सांगताना धोंडाबाई हात करून दाखवायची. पाणी दगडाला असं लागलं, खण असा तरंगला. तिने यातलं काही पाहिलं नव्हतं. पण ती खोटं बोलत होती असं म्हणता येणार नाही. तिला ते तसंच दिसत होतं.

दसरा झाल्यावर बोरसे साहेब आले. पाटबंधारे खात्याचे इंजिनिअर, सटाण्याकडचे. बरोबर तिकाटण्यावरची दुर्बीण, उंचीची पट्टी आणि रंगाचा डबा. मारुतीच्या पारावर त्यांनी गाव गोळा केलं.

"पाऊस आता पहिल्यासारखा राहिला नाही," ते म्हणाले. "महिन्याचा पाऊस दोन दिवसांत पडतो. धरण किती धरणार? हे पाणी परत येईल, याहून मोठंही येईल. म्हणून सरकारनं ठरवलंय, पाणी यायच्या आधीच त्याची जागा मोजून ठेवायची. त्या जागेच्या कडेला निळी रेषा, आणि तिच्या आत नवं घर बांधता येणार नाही. ज्यांचं पडलंय त्यांना घरकुल मिळेल, पण रेषेच्या बाहेर जागा दाखवली तरच. जागा नसेल तर वर माळावर प्लॉट पाडतोय, तिथे."

"माळ? आन् भाजी?" वाल्मीकने विचारलं. "मेथी पहाटं कापावी लागती, साहेब. लाइट रातच्याला येती. माळावर राहून रानाला पाणी कोन देणार?"

"म्हणूनच तुमच्याच रानात बसतं का ते बघू. पाणी कुठवर आलं ते दाखवा. खरं तेच दाखवा, कारण पुढचा सगळा हिशोब त्याच्यावर आहे."

वाल्मीकने मधला तुकडा हेरून ठेवला होता. तिथे सिमेंटचं घर, पुढे पडवी, पडवीत जुड्या बांधायला जागा. प्रतिभाने तर चूल कुठल्या कोपऱ्यात हेही ठरवलं होतं. ओलीला टेकून झोपायचा तिला वीट आला होता.

साहेब विधात्यांच्या रानात आले तेव्हा धोंडाबाई धुवट लुगडं नेसून पुढेच उभी होती. कोणी विचारायच्या आत तिने बांधावरचा दगड दाखवला. दगड कुंकवाने लालेलाल झाला होता.

"इथवर आलं व्हतं," ती म्हणाली.

बोरसेंनी बांधावरची बाभूळ खालीवर निरखली. "आजी, पाणी इथवर आलं तर या झाडाला काडीकचरा अडकायला हवा."

"ओटी घ्यायला आल्ती ती. कचरा घिऊन कशी यील?"

जमलेल्या बाया हसल्या, पण मानाही हलल्या. नवसाबाई म्हणाली, लंकाबाई म्हणाली, सगळ्यांनीच सांगितलं की पाणी दगडाला लागलं होतं. सगळ्यांनी धोंडाबाईकडूनच ऐकलं होतं. बोरसेंनी पट्टी लावली, आकडा घेतला, कपाळाला आठी घातली. मग त्यांच्या माणसाने दगडाच्या कडेला निळ्या रंगाची रेघ ओढली.

"सध्या खूण करतो," ते म्हणाले. "उद्या खालच्या गावातले आकडे जुळवून पक्कं करू. पण ही खूण राहिली तर मधला तुकडा गेला, वाल्मीकराव."

त्या संध्याकाळी चाळीत जेवताना वाल्मीकने ताट सारलं. "झालं का समाधान? गावाला सांगितलं ते सांगितलं, सरकारला बी सांगितलंस. आता माळावर जाऊन बस तुझ्या गंगंची वाट बघत."

"मग काय लबाड बोलू?" धोंडाबाई म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "तिनं माझं ऐकलं. मी तिची साक्ष फिरवू?"

प्रतिभा भाकरी भाजत होती. तवा तापला, भाकरी करपली, तरी तिचं लक्ष नव्हतं. आपण एक नारळ उचलला आणि त्यापायी घर जातंय, हे तिला आता अगदी स्पष्ट दिसत होतं. सांगावं तर म्हातारी पुन्हा चपलांजवळ जाऊन बसणार. न सांगावं तर रूपाली माळावर आणि आपण दोघं रात्रंदिवस सडकेवर. सासूचा तिला राग येत नव्हता, कीव येत होती, आणि तेच जास्त अवघड होतं.

सकाळी बोरसे आले. बाया पुन्हा जमल्या. साहेब दुर्बीण मांडत होते, तेवढ्यात प्रतिभा मेथीच्या वाफ्यातून उठून वर आली. हात मातीचे, पदर खोचलेला.

"साहेब, पानी इथं नव्हतं आलं."

"मग?"

"ते तिथं. मधल्या तुकड्याच्या खालच्या काठाला. काटक्यांची रांग मी डोळ्यानं बघितली. मग ते उतरलं."

"ओटी कोनी नेली मग?" लंकाबाईने विचारलं.

प्रतिभाने सासूकडे पाहिलं. "खण-तांदूळ मी खाली जाऊन पान्यात सोडलं. नारळ मी आनला. पोरगी भुकेली व्हती. आत्याबाई, तो नारळ मंडळाचा नव्हता."

धोंडाबाईने नकळत हात तोंडाकडे नेला. देवीची ओटी आपण दाढेखाली धरून चघळली, हे तिच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. मागून एक तरणी बाई फिसकन हसली आणि लंकाबाईने तिला कोपर मारलं. धोंडाबाई वळली आणि चाळीकडे चालू लागली. चालता चालता डोक्यावरचा पदर दोनदा पडला, दोनदा तिने तो वर घेतला.

बोरसेंनी खालच्या काठावर पट्टी धरायला लावली. आकडा पाहून ते म्हणाले, "हे जुळतंय. खालच्या गावच्या भिंतींवरच्या पाण्याच्या खुणाही हेच सांगतायत." मग त्यांनी वाल्मीकला समजावलं. पुढे वाढणारं पाणी धरूनही निळी रेषा आता दगडाच्या बरीच खाली जाईल. लाल रेषा त्याच्याही वर, क्वचित येणाऱ्या महापुराची. मधला तुकडा या दोन रेषांच्या मध्ये येतो. जोतं उंच घेतलं तर बांधायला परवानगी मिळेल.

"म्हंजे घर हितंच?"

"हितंच," साहेब हसून म्हणाले.

वाल्मीकने बायकोकडे पाहिलं. त्याला तिला शाबासकी द्यायची होती आणि शिव्याही द्यायच्या होत्या. त्याने नुसतंच फावडं खांद्यावर घेतलं.

पाया खणायला लागल्यापासून धोंडाबाई कोणाशी बोलेनाशी झाली. भजनाला गेली नाही. दगडाकडे फिरकली नाही. जेवायची, रूपालीला खेळवायची, कांदे निवडायची. सडलेला कांदा बाजूला टाकताना तेवढा तिचा हात जोरात चाले. प्रतिभाने पाय धरले तर "उठ, मेथी करपंल उन्हानं" एवढंच म्हणाली. बांधाच्या खाली चौकोन आखला गेला. चर गुडघाभर झाले. काळ्या मातीखाली मुरूम लागला तेव्हा वाल्मीकला आनंद झाला. पक्कं बसेल, तो म्हणाला.

एका दुपारी प्रतिभा चरातली माती काढत होती. धोंडाबाई चराच्या काठाशी येऊन उभी राहिली. किती तरी दिवसांनी ती खाली बघत होती, गंगेकडे.

"प्रतिभा, ती थांबली तवा नारळ दगडावरच व्हता?"

प्रतिभा दचकली. "व्हता."

"म्हंजी तिला ओटी मिळाली नव्हती."

"नाय, आत्याबाई."

"आन् तरी थांबली?"

"थांबली. मी बघितलं ना."

धोंडाबाई चराच्या कडेवर बसली. मग तिचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसलेही नाहीत.

"मला वाटलं, ओटीसाठी आली नि घिऊन गेली. तसं नव्हतं ग. तिला काय बी मिळालं नव्हतं. नुसत्या माझ्या शब्दावर थांबली ती. मी म्हनले, इथवर तुझं. दगडापोत्तर यायची तिला मोकळीक व्हती, तरी आली नाय." तिने चराकडे बोट केलं. "आन् आपन काय करतोय? जे तिचं म्हनून दिलं, तिथं पाया खनतोय."

वाल्मीक कुदळ टेकवून उभा राहिला. "आई, सरकारची परवानगी हाय."

"सरकारनं त्याची रेघ ओढली, मी माझी ओढली. त्यांची खाली हाय, माझी वर."

"पानी इथं आलंच नाय, तूच ऐकलंस!"

"आवंदा नाय आलं. तो साहेबच म्हनला, याच्याहून मोठं यील. तवा तिला काय सांगू? शब्द मोडला, जरा बाजूनं जा?"

वाल्मीक चिडला. कुदळ चरात टाकून तो मोठमोठ्याने बोलायला लागला. घर कुठे बांधायचं मग, डोक्यावर? माळावर जायचं? एवढं खणलेलं बुजवायचं? आणि दगडाच्या वर जागा आहे कुठे, वर तर...

तो मध्येच थांबला. तिघांनीही वर पाहिलं. वर सडकेला लागून चाळ उभी होती. खालून वारा घेणारी, पत्र्याची, कोरडी ठणठणीत.

"नाय," वाल्मीक म्हणाला. "ते नाय. कांदा कुठं ठेवू मग?"

प्रतिभा चरातून वर आली. घर मिळालं होतं. सगळ्यांसमोर तोंड उघडून तिने ते मिळवलं होतं. त्या चौकोनात चूल कुठे, फळी कुठे, हे तिला डोळे मिटूनही सांगता आलं असतं. पण त्या दुपारी पाणी कसं थबकलं होतं तेही तिने एकटीनेच पाहिलं होतं. ते कोणी अडवलं नव्हतं. एवढं रान पुढे मोकळं असताना ते थांबलं होतं, आणि पुढच्या वेळी थांबेलच असं तिला वाटत नव्हतं.

"कांदा हितं ठिवा," ती म्हणाली.

"काय?"

"हितं. ह्या चरावर चाळ घाला. मानसं वर जाऊ द्या. दोन पिढ्या कांदा कोरड्यात झोपला नि आपन ओलीत. आता पाळी बदला."

"आन् पूर आला तर? सालाचा कांदा वाहून जाईल, कळतंय का?"

"कळतंय," प्रतिभा म्हणाली. "कांदा पुन्हा लावता येतो."

वाल्मीक चरात उतरला. कुदळ उचलली, पुन्हा टाकली. आपल्याच रानात आपण एकटे पडलो, असं त्याला वाटलं. त्याने आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. नंतर तो मुकाट्याने वर गेला आणि चाळीच्या पहिल्या पत्र्याचा नट पान्याने सोडवायला लागला. नट गंजलेला होता, फिरत नव्हता.

दिवाळी झाल्यावर बोरसे साहेब जागेची खात्री करायला आले. मधल्या तुकड्यात बांबू आणि पत्रे रचलेले, वर सडकेला लागून पायाचे दगड बसलेले. त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, मी तुम्हाला खाली परवानगी मिळवून दिली! एवढी धडपड केली!"

"दिली साहेब, उपकार झाले," धोंडाबाई म्हणाली. ती वाळूच्या ढिगावर बसली होती.

"मग खाली काय, कांदा? उद्या पाणी चढलं तर सगळा कांदा जाईल, आजी."

वाल्मीकने मान खाली घातली. हाच प्रश्न त्याने रोज विचारला होता. धोंडाबाईने पदर डोक्यावर नीट घेतला.

"जाऊ दे," ती म्हणाली. "तिचा एक नारळ आमच्याकडं राहिलाय."